नकाराचे चित्र : व्यसनविरोधी भित्तिपत्रकांच्या इतिहासातील एक पेच

१

संयुक्त राष्ट्रसंघाच्या आमसभेने १९८७ मध्ये २६ जून हा दिवस अमली पदार्थांच्या विरोधासाठी मुक्रर केला. तेव्हापासून या दिवसाच्या निमित्ताने शाळा-महाविद्यालयांत चित्रस्पर्धा घेण्याचा प्रघात पडला आहे. या स्पर्धांतील चित्रे एकत्र पाहिली, तर त्यांतील प्रतिमांचा साठा अगदी मोजका असल्याचे ध्यानात येते : कवटी, इंजेक्शनची सुई, साखळदंड, गळफास, विळखा घालणारा साप. चित्र काढणाऱ्या मुलांपैकी बहुतेकांनी व्यसनाधीन माणूस जवळून पाहिलेला नसतो. त्यांनी पाहिलेली असतात ती आधीची भित्तिपत्रके. म्हणजे येथे चित्र वस्तूवरून निघत नाही, चित्रावरून चित्र निघते. ज्याला साहित्यात 'कविसंकेत' म्हणतात, तशाच प्रकारचा हा संकेतव्यूह आहे आणि कोणत्याही संकेतव्यूहाप्रमाणे त्यालाही इतिहास आहे.

हा इतिहास आजवर समाजशास्त्राकडे, आरोग्यप्रसाराकडे किंवा जाहिरातशास्त्राकडे सोपवला गेला. तथापि या भित्तिपत्रकांनी उभा केलेला मूळ प्रश्न अर्थनिर्णयाचा आहे, आणि म्हणून तो साहित्यमीमांसेच्या कक्षेतला आहे. तो प्रश्न असा : ज्या माध्यमाला नकार ठाऊक नाही, त्या माध्यमातून निषेध कसा करायचा?

मराठीत नकाराची अनेक रूपे आहेत. 'नाही' अभाव सांगते, 'नव्हे' तादात्म्य नाकारते, 'नये' निषेध करते आणि 'नको' अनिच्छा व्यक्त करते. चित्राजवळ यांपैकी एकही रूप नाही. पेल्याचे चित्र पेला दाखवते. 'पेला नाही', 'हा पेला नव्हे', 'पेला घेऊ नये' किंवा 'पेला नको' यांपैकी काहीही सांगायचे झाले, तरी चित्रकाराला आधी पेलाच काढावा लागतो. सोल वर्थ या अमेरिकी अभ्यासकाने १९७५ मध्ये लिहिलेल्या एका निबंधाचे शीर्षकच 'चित्रे नाही म्हणू शकत नाहीत' या आशयाचे आहे. त्याआधी, १९६४ मध्ये, रोलाँ बार्थने प्रतिमेच्या वक्तृत्वशास्त्राची चर्चा करताना असे दाखवून दिले होते की, प्रतिमेचे अर्थ स्वभावतः अनेक दिशांना वाहतात आणि मजकूर त्यांना जहाजाच्या नांगरासारखा एका जागी धरून ठेवतो. व्यसनविरोधी भित्तिपत्रकाचा पेच यापुढचा आहे. त्याला 'नये' सांगायचे असते आणि पाहणाऱ्याच्या मनात 'नको' जागवायचे असते. परंतु हाती असते ती केवळ 'आहे' म्हणणारी प्रतिमा. अडीचशेहून अधिक वर्षांत प्रतिमेला नकार शिकवण्याचे जे प्रयत्न झाले, त्यांचा क्रम लावला असता या चित्रप्रकाराचा इतिहास हाती येतो. त्या प्रयत्नांतून निषेध कसा निसटत गेला, हेही त्याच क्रमातून उलगडते.

२

पहिला उपाय जोडीचा. विल्यम होगार्थने फेब्रुवारी १७५१ मध्ये लंडनमध्ये 'बिअर स्ट्रीट' आणि 'जिन लेन' ही दोन मुद्राचित्रे प्रसिद्ध केली. त्याच वर्षी ब्रिटिश संसदेने जिनच्या विक्रीवर निर्बंध घालणारा कायदा केला. होगार्थची चित्रे त्या चळवळीचाच एक भाग होती. 'जिन लेन'च्या मध्यभागी पायऱ्यांवर बसलेली एक स्त्री तपकिरीची चिमूट घेण्यात गुंग आहे. तिच्या पायांवर व्रण आहेत आणि तिच्या हातून निसटलेले मूल कठड्यावरून खाली कोसळते आहे. एका बाजूला सावकाराच्या दुकानात सुतार आपली करवत आणि गृहिणी आपली भांडी गहाण टाकते आहे. खाली हाडांचा सापळा उरलेला फेरीवाला मरणपंथाला लागला आहे. दूरवर एकाने गळफास घेतला आहे. शेजारच्या 'बिअर स्ट्रीट'मध्ये मात्र माणसे धष्टपुष्ट आणि आनंदी आहेत. तेथे डबघाईला आला आहे तो सावकार.

येथे निषेध कोणत्याही एका चित्रात नाही. तो दोन चित्रांच्या मधल्या जागेत आहे. 'जिन लेन' एकटे पाहिले, तर ते दारिद्र्याचे भेदक चित्र ठरते. 'बिअर स्ट्रीट' शेजारी ठेवल्यावरच त्यातून 'हे नको, ते घ्या' असे विधान तयार होते. एखाद्या चिन्हाचा अर्थ दुसऱ्या चिन्हाशी असलेल्या भेदातून निर्माण होतो, या संरचनावादी सिद्धान्ताचे हे जणू पाठ्यपुस्तकी उदाहरण. मात्र या रचनेची किंमतही ध्यानात घ्यावी लागते. भेद स्पष्ट व्हावा म्हणून होगार्थला मद्याच्या एका प्रकाराची भलामण करावी लागली. स्वदेशी बिअर म्हणजे उद्योग आणि आरोग्य, तर स्वस्त जिन म्हणजे विनाश, अशी वाटणी झाली. नकारासाठी होकाराचा टेकू लागला.

शिवाय या चित्रांचा प्रेक्षक कोण, हा प्रश्न उरतोच. खालच्या थरातील दुर्गुणांची सुधारणा हा होगार्थचा जाहीर हेतू होता. म्हणून त्याने किंमत एक शिलिंग, म्हणजे त्याच्या इतर कामांच्या मानाने कमी ठेवली. परंतु जी स्त्री भांडी गहाण टाकते, तिला एक शिलिंगचे चित्र परवडणारे नव्हते. ज्याचे चित्र काढले तो आणि ज्याला चित्र विकले तो, ही दोन वेगळी माणसे होती. चित्रातील माणूस प्रथमपासूनच तृतीयपुरुषी राहिला. संवाद झाला तो त्याच्या डोक्यावरून, सुस्थित वाचकाशी. ही फट पुढच्या सर्व इतिहासात कायम राहिली.

३

दुसरा उपाय क्रमाचा. चित्राला व्याकरणातला नकार नसला, तरी 'आधी' आणि 'नंतर' दाखवता येते, आणि 'नंतर'च्या भयंकरपणातून 'आधी'चा निषेध सूचित करता येतो. न्यूयॉर्कच्या नेथॅनिएल करियरने १८४६ मध्ये काढलेले 'द ड्रंकार्ड्स प्रोग्रेस' हे शिळाचित्र या युक्तीचा नमुना आहे. कमानीसारख्या जिन्याच्या नऊ पायऱ्यांवर मद्यप्याचा प्रवास रेखाटला आहे. मित्राच्या आग्रहाखातर घेतलेला पहिला पेला ही पहिली पायरी, आत्महत्या ही शेवटची. कमानीखाली मुलाला घेऊन रडणारी पत्नी आहे. युरोपात पूर्वापार चालत आलेल्या, माणसाच्या आयुष्यातील अवस्था चढत्या-उतरत्या पायऱ्यांवर दाखवणाऱ्या चित्रांचा साचा येथे उसना घेतलेला आहे.

उसना साचा आपले जुने अर्थ घेऊनच येतो. आयुष्याच्या पायऱ्यांच्या चित्रात कमानीचा माथा म्हणजे ऐन कर्तृत्वाचा काळ. करियरच्या चित्रात त्याच माथ्यावर आनंदी सोबत्यांच्या घोळक्यातला पक्का मद्यपी बसलेला आहे. चित्राचा संदेश अधोगतीचा. पण त्यातील निम्मा प्रवास चढणीचा आणि सर्वांत उंच, सर्वांत आधी नजरेत भरणारी जागा मैफलीची. पायऱ्यांखालचा मजकूर वाचणारा नीतिबोध घेईल. केवळ नजर टाकणारा मैफल पाहील.

पुढच्याच वर्षी, १८४७ मध्ये, जॉर्ज क्रुकशँकची 'द बॉटल' ही आठ चित्रांची मालिका इंग्लंडमध्ये प्रसिद्ध झाली आणि प्रचंड खपली. सुखवस्तू घरातील जेवणाच्या टेबलावरची बाटली, मग नोकरी जाणे, घरातील सामानाची जप्ती, भीक, मुलाचा मृत्यू, पत्नीची हत्या आणि अखेर वेड, असा तिचा क्रम. तिच्यावर आणि पुढच्या वर्षीच्या 'द ड्रंकार्ड्स चिल्ड्रन' या उत्तरमालिकेवर चार्ल्स डिकन्सने घेतलेला आक्षेप फार मर्माचा होता. क्रुकशँक हा त्याच्या पुस्तकांचा चित्रकार, त्याचा स्नेही. डिकन्सचे म्हणणे असे की, पिण्याची सुरुवात निव्वळ बाटलीपासून होत नाही. दुःख, दारिद्र्य, अज्ञान, राहण्याच्या जागेची दुर्दशा यांत ती असते, आणि चित्रकाराने नेमके तेच वगळले आहे. वेगळ्या शब्दांत सांगायचे, तर चित्रमालिका परिणामांची साखळी दाखवते, कारणांची दाखवत नाही. बाटली हेच आदिकारण ठरले की बाटलीमागचा समाज चौकटीबाहेर जातो.

या मुद्द्याच्या प्रकाशात राम गणेश गडकऱ्यांच्या 'एकच प्याला'कडे पाहता येते. १९१९ मध्ये रंगभूमीवर आलेल्या या नाटकाचे शीर्षक करियरच्या पहिल्या पायरीची आठवण करून देते. यात प्रभावाचा दावा नाही. एकाच प्रश्नाला दोन ठिकाणी मिळालेले ते सदृश उत्तर आहे. फरक असा की, नाटकाला काळ आणि संवाद दोन्ही उपलब्ध असल्याने गडकरी पहिल्या प्याल्याआधीचेही काही सांगू शकतात : सुधाकराचा मानी स्वभाव, न्यायालयातला अपमान, तात्पुरती रद्द झालेली सनद. डिकन्सला हवे असलेले कारण, निदान व्यक्तीच्या पातळीवर, येथे सापडते. परंतु प्रतिमेचा पेच नाटकालाही चुकलेला नाही. तळीराम आणि त्याचे आर्यमदिरामंडळ यांची योजना मद्यपानाच्या उपहासासाठी आहे. प्रत्यक्षात प्रेक्षागृहात हशा पिकवतो तो तळीरामच. सिंधूची करुण कहाणी 'नये' सांगते, तर तळीरामाचा कोटिबाजपणा त्या 'नये'ला दर प्रवेशागणिक खिंडार पाडतो. रंगमंचावर जे साक्षात उभे राहते त्याला आपले आकर्षण असतेच; लेखकाचा नैतिक हेतू ते पुसून टाकू शकत नाही.

४

तिसरा उपाय अभिनयाचा. नकार चित्रात व्यक्त करता येत नसेल, तर नकार देणारा माणूस चित्रात दाखवावा. सोव्हिएत चित्रकार व्हिक्टर गोवोर्कोव्ह याचे १९५४ मधील भित्तिपत्रक या युक्तीचे सर्वांत प्रसिद्ध उदाहरण होय. नीटनेटका सूट आणि टाय घातलेला एक तरुण जेवणाच्या टेबलाशी बसला आहे. चौकटीबाहेरून आलेला एक हात वोडकाचा छोटा पेला पुढे करतो आणि तरुण आडवा तळहात करून तो थोपवतो. मजकूर एकाच शब्दाचा : 'न्येत', म्हणजे 'नाही'.

या चित्राचे बळ त्याच्या काटकसरीत आहे. त्यात प्रेत नाही, कवटी नाही, रडणारी पत्नी नाही. परिणामाऐवजी निर्णयाचा क्षण निवडला आहे, आणि प्रेक्षकाला भयाऐवजी अनुकरणाचा मार्ग देऊ केला आहे. वर सांगितलेल्या भेदाच्या भाषेत बोलायचे, तर हे 'नये'चे नव्हे, 'नको'चे चित्र आहे. तरीही दोन गोष्टी नजरेआड करता येत नाहीत. पहिली अशी की, पेला पुढे करणाऱ्या हाताला चेहरा नाही. वोडकाची विक्री ज्या राज्यसंस्थेच्या ताब्यात होती आणि जिच्या तिजोरीत त्या विक्रीचे उत्पन्न जमा होत होते, तीच राज्यसंस्था भित्तिपत्रकेही छापत होती. तेव्हा तो हात कोणाचा, हा प्रश्न चित्राने विचारू दिला नाही. दुसरी गोष्ट काळाने घडवली. सोव्हिएत संघाच्या विघटनानंतर हे चित्र गत काळाची गमतीदार खूण म्हणून भेटवस्तूंवर आणि विडंबनांत असंख्य वेळा वापरले गेले. नकार देणाऱ्या माणसाचा गंभीरपणाच विनोदाचा विषय झाला. ज्या अधिकारवाणीने त्या एका शब्दाला वजन दिले होते ती उरली नाही, तेव्हा नांगर सुटला आणि प्रतिमा वाहून गेली.

५

विसाव्या शतकाच्या नवव्या दशकात या चित्रप्रकाराने जाहिरात-व्यवसायाची सगळी तंत्रे आत्मसात केली. त्या काळातील दोन उदाहरणे परस्परविरोधी म्हणून उद्बोधक आहेत.

अमेरिकेत १९८७ मध्ये 'पार्टनरशिप फॉर अ ड्रग-फ्री अमेरिका' या संस्थेने दूरचित्रवाणीवर आणलेल्या आणि पुढे छापील रूपातही सर्वत्र पोहोचलेल्या जाहिरातीत व्यसनी माणूस मुळी नव्हताच. अंडे म्हणजे मेंदू, तापलेला तवा म्हणजे मादक द्रव्य आणि तव्यावर फुटून चरचरणारे अंडे म्हणजे द्रव्य घेतलेला मेंदू, असे ते रूपक. शेवटी काही शंका आहे का, असे विचारले जाते. तो प्रश्न उत्तराची वाट पाहत नाही. अलंकारशास्त्राच्या परिभाषेत येथे उपमेयावर उपमानाचा आरोप आहे. पण उपमान निवडताना त्याचे नेहमीचे साहचर्य विसरले गेले. तळलेले अंडे हे अमेरिकी घरात नाशाचे नव्हे, न्याहारीचे चिन्ह आहे. त्यामुळे सोबत मांसाचे तुकडे नि पाव मांडलेली विडंबने थोड्याच काळात सदऱ्यांवर छापून आली. रूपकाने भीती आणायची होती. त्याने भूक आणली.

ब्रिटिश शासनाने १९८५-८६ मध्ये हेरॉइनविरुद्ध काढलेल्या भित्तिपत्रकांनी उलट मार्ग धरला. त्यांत रूपक नव्हते. छायाचित्रातला निस्तेज, खोल डोळ्यांचा, कृश तरुण होता आणि हेरॉइनमुळे शरीराची कशी वाताहत होते याचा तपशील होता. शरीर हाच पुरावा. परंतु ही भित्तिपत्रके किशोरवयीन मुलामुलींनी काढून नेली आणि आपल्या खोल्यांत लावली, असे वृत्त त्या काळी प्रसिद्ध झाले. प्रौढांना ज्या चेहऱ्यात रोग दिसला, त्याच चेहऱ्यात तरुणांना संगीतातील आणि चित्रपटांतील बंडखोर नायकांची ओळखीची छटा दिसली. पुढच्या दशकात फॅशनच्या छायाचित्रणाने हेच निस्तेज सौंदर्य जाणीवपूर्वक उचलले आणि मे १९९७ मध्ये अमेरिकेचे अध्यक्ष बिल क्लिंटन यांना त्याचा जाहीर निषेध करावा लागला. इशाऱ्याची आणि विक्रीची प्रतिमा एकच झाली होती.

या घटिताचे स्पष्टीकरण भारतीय काव्यशास्त्रात अधिक नेमके मिळते. वाच्यार्थाहून व्यंग्यार्थ कसा भिन्न असतो हे सांगताना आनंदवर्धनाने 'ध्वन्यालोका'त आरंभीच दोन प्राकृत गाथा घेतल्या आहेत. दोन्ही 'गाथासप्तशती'त, म्हणजे महाराष्ट्रीच्या परंपरेत आढळतात. पहिलीत वाच्य विधिरूप आहे : साधूला निर्धास्त फिरायला सांगितले आहे, पण सिंह आल्याच्या वार्तेमुळे व्यंग्य निषेधाचे होते. दुसरीत नेमके उलट घडते. घरातील स्त्री मुक्कामाला आलेल्या वाटसरूला सासू कोठे झोपते आणि आपण कोठे झोपतो हे दाखवून ठेवते आणि रात्री चुकून आपल्या शय्येवर पडू नको असे बजावते. वाच्य निषेधाचे, व्यंग्य आमंत्रणाचे. ज्याने शय्येची जागा दाखवली त्याने वाटही दाखवली.

ब्रिटिश भित्तिपत्रक नकळत या दुसऱ्या गाथेसारखे वागले. नकळत हा शब्द येथे महत्त्वाचा. गाथेतील स्त्रीला व्यंग्यार्थ अभिप्रेत आहे. भित्तिपत्रकाच्या कर्त्याला तो नाही. पण व्यंजनेचा उगम केवळ वक्त्याच्या हेतूत नसतो. वक्ता कोण, ऐकणारा कोण, प्रसंग कोणता, यांच्या वैशिष्ट्याने अर्थ पालटतो, हे काव्यशास्त्राने मान्य केलेले आहे. पालकाने वाचलेला निषेध आणि मुलाने वाचलेले आमंत्रण एकाच कागदावर असू शकतात.

निषेधाच्या मिषाने आमंत्रण देण्याचा धंदा तर याआधीच रूढ झाला होता. १९३६ मध्ये पालकांना सावध करण्यासाठी म्हणून निघालेला आणि 'रीफर मॅडनेस' या नावाने ओळखला जाणारा गांजाविरोधी चित्रपट लवकरच सनसनाटीचा माल म्हणून फिरवला गेला. १९७२ नंतर गांजावरील बंदी उठवू पाहणाऱ्यांनी तोच अमेरिकी महाविद्यालयांत दाखवून आपल्या चळवळीसाठी निधी उभारला. संहिता तीच राहिली. निषेध हास्यात विरघळला.

६

भारतातील एक अलीकडचे उदाहरण या पेचाला आणखी एक पैलू देते. तंबाखूच्या वेष्टनांवर सचित्र इशारा छापण्याच्या नियमांत २००६ मध्ये कवटी व हाडे यांचे चिन्ह होते. त्यावर धार्मिक भावनांच्या मुद्द्यावरून आक्षेप आले आणि २००७ च्या दुरुस्तीने त्या चिन्हाची सक्ती गेली. अखेर ३१ मे २००९ पासून जे इशारे आले, त्यांत धूम्रपानाच्या उत्पादनांवर फुप्फुसांचे चित्र होते आणि खाण्याच्या तंबाखूवर विंचू होता. विंचू कर्करोगाचे प्रतीक म्हणून योजला होता.

हे प्रतीक मराठी वाचकाने कसे वाचावे? 'कर्क' म्हणजे खेकडा. रोगाच्या नावातील रूपक खेकड्याचे आहे आणि विंचवाचा त्याच्याशी भाषिक संबंध नाही. विंचवाचा दंश तत्काळ कळतो. तंबाखूचा घात वर्षानुवर्षे कळत नाही, आणि त्या न कळण्यातच त्याचा खरा धोका आहे. एकनाथांच्या भारुडातील विंचू काम-क्रोधाचा आहे आणि त्यावर उतारा आहे. त्या परंपरेत विंचू हा रोग नसून विकार आहे. भाषेत आणखी एक सापळा आहे. मराठीत विंचू चढतो आणि नशाही चढते. अशा वाचकाला पुडीवरचा विंचू मालाच्या कडकपणाची ग्वाही वाटला, तर त्याला दोष देता येणार नाही. त्यातच आपल्या बाजारात अक्षरओळख नसलेला ग्राहक पिढ्यान्‌पिढ्या माल ओळखत आला तो 'छाप' पाहून. पुडीवर प्राण्याचे चित्र म्हणजे छाप, हे वाचन त्याच्या दृष्टीने अगदी सुसंगत होते. शासनाने इशारा छापला; बाजाराच्या संकेतव्यवस्थेत त्याचे स्थान बोधचिन्हाचे होते.

डिसेंबर २०११ पासून विंचू गेला आणि रोगग्रस्त मुखाची छायाचित्रे आली. १ एप्रिल २०१६ पासून इशाऱ्याने वेष्टनाच्या मुख्य भागाची ८५ टक्के जागा व्यापली. प्रतीकाकडून शरीराकडे हा ब्रिटिश भित्तिपत्रकांचा प्रवास येथेही झाला. मात्र येथील शरीरात सौंदर्याला वाव ठेवलेला नाही. तरीही हा देह ज्याचा आहे तो माणूस पुन्हा भयाची वस्तू झाला, होगार्थच्या पायऱ्यांवरील स्त्रीसारखा. रोग्याला आपलेच विद्रूप रूप दुकानोदुकानी टांगलेले दिसते, याचा विचार प्रचारशास्त्र क्वचितच करते.

७

या सर्व प्रयत्नांचे अपयश चित्रकारांच्या उणिवेमुळे आले, असे म्हणणे अन्यायाचे होईल. 'जिन लेन' ही थोर कलाकृती आहे. अडचण अशी की, निषेध करू पाहणारी प्रतिमा आधी काही गोष्टी गृहीत धरायला लावते. अमेरिकेत १९९८ ते २००४ या काळात तरुणांसाठी जवळजवळ शंभर कोटी डॉलरची व्यसनविरोधी माध्यममोहीम चालवण्यात आली. तिच्या मूल्यमापनाचे २००८ मध्ये प्रसिद्ध झालेले निष्कर्ष असे की, मोहिमेचा अनुकूल परिणाम आढळला नाही. उलट काही बाबतींत प्रतिकूल परिणामाच्या खुणा आढळल्या. अभ्यासकांनी सुचवलेल्या कारणांपैकी एक भाषाभ्यासकाला विशेष परिचित वाटेल : सतत होणाऱ्या निषेधातून मुलांनी असा बोध घेतला असावा की, गांजा सर्वत्र आहे आणि बरोबरीची मुले तो घेतात. विधानातील 'नये' गळून पडले. त्यातील पूर्वगृहीत मात्र मनात राहिले.

म्हणून या इतिहासात शेवटी पाहायचे ते प्रतिमेपेक्षा तिचे संबोधन. होगार्थपासून रोगग्रस्त मुखापर्यंत बहुतेक चित्रे व्यसनी माणसाविषयी बोलतात, त्याच्याशी बोलत नाहीत. न पिणाऱ्याचा 'नको' ती पक्का करतात. पिणाऱ्याला मात्र ती केवळ आरसा दाखवतात, तोही विकृत. या पार्श्वभूमीवर सप्टेंबर २०१८ पासून भारतातील तंबाखूच्या वेष्टनांवर आलेली एक भर लक्षणीय ठरते : आजच सोडा आणि या क्रमांकावर दूरध्वनी करा, असे सांगणारी ओळ. चित्र तेच, भयही तेच; परंतु पहिल्यांदाच चौकटीतून एक वाट बाहेर जाते आणि तिच्या दुसऱ्या टोकाला ऐकणारे कोणी असण्याची शक्यता निर्माण होते. तृतीयपुरुषाचा द्वितीयपुरुष होतो. चित्राला नकार देता येत नाही, ही त्याची मर्यादा आहे. पण नकार देण्याचे काम मुळात चित्राचे नव्हेच; ते माणसाचे आहे, आणि 'नको' म्हणण्यासाठी माणसाला आधी कोणीतरी त्याच्याशी बोलावे लागते.